लाईन माझी, सिस्टीम तुमची

दाजी, आधी वाईट बातमी सांगून टाकतो. तुमच्या मशीनच्या, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या बटणावरची लाल टेप तुमच्याकडच्या कुसुमकाकूंनी काढली. तुम्हाला हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी काकू गावाहून आल्या, आक्काच्या गळ्यात पडून रडल्या आणि डोळे पुसत पुसत पहिलं काम काय केलं, तर घरातला टीव्ही बंद करायला निघाल्या. सुतकात टीव्ही लागत नाही. आता तुमच्या घरात टीव्ही कुठला? पडदा भिंतीला, डबा टेबलाखाली, मध्ये वायरींचं जंजाळ आणि कोपऱ्यात तो यूपीएस लुकलुकतोय. यातलं टीव्ही नेमकं कोणतं ते शोधत कोण बसणार, म्हणून काकूंनी सगळीच बटणं खाली केली. टेप नखानं सोलली, तिची गोळी केली आणि केराच्या डब्यात टाकली. मी तेव्हा खाली गेटवर ॲम्ब्युलन्सवाल्याशी बोलत होतो, नाहीतर आडवा पडलो असतो.

तुम्ही चिडणार हे मला माहीत आहे. त्या टेपवर तुम्ही घरच्यांशी, पाहुण्यांशी, रंग द्यायला आलेल्या माणसांशी सुद्धा भांडलात. 'हे बटण बंद करायचं नाही. का, ते विचारायचं नाही.' मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आतला सेल गेलाय, नाण्याएवढा असतो, त्याची क्लिप मोडली आहे, रविवारी बसवतो. तो रविवार काही आला नाही. कारखान्यातली मशीनं उभी केलीत, सोसायटीची लिफ्ट तीन वेळा चालू केलीत आणि घरच्या डब्यातला एक सेल तुमच्यानं बसवला गेला नाही. त्यापेक्षा बटणाला टेप लावणं सोपं वाटलं तुम्हाला. यावर मी तुमची खूप टिंगल केली आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा करीन.

हे वाचणाऱ्यांना आपलं नातं ठाऊक नसेल. मी आक्काचा धाकटा भाऊ, संपत. साताऱ्याकडून तुमच्या मागोमाग आलो, नवी मुंबईत जुईनगरला तुमच्याच घरी राहिलो आणि पुढं गच्च्यांवरनं केबल ओढत ओढत धंद्याला लागलो. आधी केबल टीव्ही, मग त्याच खांबांवरनं इंटरनेट. तुम्ही पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. मला नावानं हाक मारलीत ती लग्न, बारसं अशा ठिकाणीच. एरवी 'या केबलशेठ', आणि चिडलात की 'काय पाव्हणं'. दाजी आणि मेहुणा म्हटल्यावर एकमेकांची खेचायची हे ठरलेलंच असतं, पण आपण ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

ते मशीन तुम्ही कारखान्यातनं आणलंत तेव्हा मी घरीच होतो. ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले, जुने भंगारवाल्याकडे चालले होते, तुम्ही साहेबांना विचारून त्यातला एक उचललात आणि रिक्षात मांडीवर घेऊन आलात. आक्का म्हणाली, 'घरात भांडी ठेवायला जागा न्हाय आन् ह्यो आणखी एक डबा.' तुम्ही बनियनवर बसून स्क्रू काढायला लागलात. त्यात जी सिस्टीम होती तिचं नाव बीएसडी. मी तोवर ऐकलेलं नव्हतं, अजूनही माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी ऐकलेलं नाही. म्हटलं, दाजी, साधी सिस्टीम टाकून देतो, माझ्याकडं कामाला असलेला पोरगा ऑफिसात बसलेलाच असतो, तासाभरात होईल. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी तुमच्या भाकरीवर सॉस ओतायला निघालो होतो.

'ही काय वाईट आहे?' तुम्ही म्हणालात. 'मध्येच येऊन हे घ्या, ते घ्या करत नाही. सांगितलं तेवढं करते, नाही जमलं तर नाही म्हणते.'

'पण दाजी, ह्याच्यावर काय चालतच नाही.'

'तुला चालवता येत नाही असं म्हण.'

तुमचं हे बोलणं मला तेव्हा नुसता आडमुठेपणा वाटायचा. पुढं एकदा मी तुमच्या कारखान्यात लाईन टाकायला आलो, तेव्हा तुमचं खातं बघितलं. तिथं एक लेथ होती, जिच्या कंपनीनं पार्ट बनवणं कधीच बंद केलेलं. तिच्या पोटात तुम्ही हात घालून उभे होता आणि ती चालत होती. कंपनीनं हात वर केले म्हणून मशीननं पण करायचे का, असं तुम्ही मला ओरडून विचारलंत, कारण आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी मान हलवली. घरचा डबा आणि ही लेथ यांत तुम्हाला काही फरक वाटत नव्हता, हे मला तिथं समजलं, पण मी तसं तुम्हाला सांगितलं नाही. मेहुण्यानं दाजीला बरोबर म्हणायचं म्हणजे फार झालं.

मग आली ती मालिका. मनीषानं, तुमच्या लेकीनं, उलव्याला राहायला गेल्यावर तुम्हा दोघांना मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या एका ॲपची वर्गणी तुमच्या वाढदिवसाला दिली. आक्काला कोरियातली शेकडो भागांची एक मालिका दाखवली, हिंदीत डब केलेली. सासू, सून, नणंद, वाटणी, सगळं आपल्यासारखं, फक्त खातात काड्यांनी. आक्का पहिल्या भागातच अडकली. मनीषा म्हणाली, आई, फोनवर बघ. तुम्ही म्हणालात, एवढ्याशा फोनमध्ये दोघांनी डोकी घालून बघायचं म्हणजे काय, मालिका जोडीनं बघायची असते, पडद्यावर. आणि तुमच्या मशीनवर ॲपची साईट उघडलीत. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली की तुमची ऑपरेटिंग सिस्टीम आम्ही चालवून घेत नाही.

दाजी, तुमचा चेहरा काय झाला होता तेव्हा. मला वाटलं, आता ऐकतील. उलट तुम्ही खुर्ची पुढं ओढलीत. 'पैसे भरलेत. मी गिऱ्हाईक आहे, चोर नाही. दारातून कसा परत पाठवतो बघू.'

पहिल्यांदा तुम्ही ब्राउझरला खोटं बोलायला शिकवलंत. साईटनं विचारलं, कोणती सिस्टीम, की दुसऱ्याच सिस्टीमचं नाव सांगायचं. मी म्हटलं, वा, दुसऱ्याच्या पासवर लग्नाच्या हॉलमध्ये घुसण्यातला प्रकार. दार उघडलं खरं. चित्रं दिसली, नावं दिसली, आक्का टाळी वाजवणार तेवढ्यात भाग लावला आणि नुसता काळा पडदा. तुम्ही आठवडाभर वाचत बसलात आणि मग मला शिकवल्यासारखं सांगितलंत: सिनेमा कुलूप लावून येतो, ते उघडणारा एक तुकडा असतो, आणि तो तुकडा बनवणाऱ्यांनी तीनच सिस्टीमींसाठी बनवला आहे. त्यांतली एक लिनक्स. आपली त्या यादीत नाही.

'म्हणजे संपलं,' मी म्हटलं.

'म्हणजे लिनक्सला घरात ठेवून घ्यायचं,' तुम्ही म्हणालात.

माझ्या डोक्यावरनं गेलं. मग तुम्ही आक्काला समजेल असं सांगितलंत म्हणून मलाही समजलं. घर आपलंच, बीएसडीचं. त्यात एक खोली काढायची आणि लिनक्सला पोटभाडेकरू ठेवायचा. त्याला बाहेरचं काही दिसत नाही, त्याला वाटतं अख्खं घर आपलंच आहे. त्याच्या खोलीत त्याचा ब्राउझर, त्या ब्राउझरात कुलुपाचा तुकडा. साईट येऊन त्याला विचारते, तू कोण? तो म्हणतो, मी लिनक्स. यात खोटं काहीच नाही. 'आधी खोटं बोलत होतो म्हणून अडलं,' तुम्ही फार समाधानानं म्हणालात. आक्का म्हणाली, 'भाडं देतो का तो?'

ती खोली बांधायला तुम्हाला किती रविवार गेले ते आता आठवत नाही. मी दर वेळी यायचो, तुमच्या मागे खुर्ची टाकून बसायचो, आक्काचं थालीपीठ खायचो आणि तुमच्या प्रत्येक चुकीवर बोलायचो. तुम्ही हाकलून दिलं नाहीत. एकदा मी आलो नाही तर फोन केलात, 'काय पाव्हणं, आज नावं ठेवायला कुणी नाही.' त्या रविवारी मी कामं सोडून आलो होतो, दाजी. तुम्हाला सांगितलं, इकडं आलोच होतो म्हणून डोकावलो.

चित्र आलं त्या दिवशी आवाज आला नाही. कोरियातली सासू तोंड हलवतेय आणि घरात चिडीचूप. पोटभाडेकरूला घराचा स्पीकर कुठं आहे हेच माहीत नव्हतं. तुम्ही पुन्हा डोकं घातलंत, पण आक्काला धीर कुठला. ती म्हणाली, असू द्या, लावा तसंच. आणि मग आक्कानं स्वतःच बोलायला सुरुवात केली. सासूचं, सुनेचं, वकिलाचं, सगळ्यांचं. 'आगं भवाने, माझ्या पोराला काय खायाला घातलंस ते सांग आधी.' ती बाई पडद्यावर मुकाट चहा पीत होती आणि आपण दोघं पोट धरून लोळत होतो. तुम्हाला ठसका लागला, मी पाठीवर थापा मारल्या. बरेच दिवस ती मालिका तशीच चालली. तुम्ही आवाज जोडलात तेव्हा आक्कानं दोन मिनिटं खरे संवाद ऐकले आणि म्हणाली, 'मी बोलत हुते तेच बरं हुतं.'

दाजी, मी धंद्यानं लोकांच्या घरात टीव्ही पोचवतो. हजार घरांत वायर नेली असेल. एवढं हसताना मी कुठल्याच घरात कुणाला बघितलं नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

त्यानंतर आपलं खरं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. चित्र मध्येच अडकलं, गोल गोल फिरायला लागलं की तुम्ही फोन उचलणार. 'केबलशेठ, लाईन बघा तुमची.' मी म्हणणार, 'लाईन चोख आहे, शेजारच्या पाटलांकडे मॅच चालू आहे बघा. सिस्टीम तुमची आडवी पडली असेल.' तुम्ही म्हणणार, 'सिस्टीम पडत नाही.' मी गच्चीवर चढणार, जोड तपासणार, खाली येऊन घामेजलेला उभा राहणार. एकदा गच्चीवरच्या माझ्या जोडाच्या डब्यात पाणी गेलेलं निघालं, तर तुम्ही ते वर्षभर चघळलंत. एकदा तुमच्या पोटभाडेकरूनं स्वतःच काहीतरी अपडेट करून घेतलं आणि कुलुपाचा तुकडा हरवला, तेव्हा मी पेढे घेऊन आलो होतो. तुम्ही पेढा खाल्लात आणि म्हणालात, 'हे सिस्टीमचं नाही, भाडेकरूचं आहे. भाडेकरूचा दोष घरमालकावर घालू नको.' कुठल्याच कोर्टात तुम्ही हरला नसतात.

'लाईन माझी, सिस्टीम तुमची,' मी म्हणायचो. 'ज्याची खराब, त्यानं चहा पाजायचा.' चहा दर वेळी आक्कानंच केला.

हॉस्पिटलात तुमच्या नाकात नळी होती. डॉक्टर मला बाहेर घेऊन जे सांगायचं ते सांगून गेले होते. मी तोंडावर पाणी मारून आत आलो, तुमच्या उशापाशी बसलो. मला काहीतरी धड बोलायचं होतं. गावाहून आलो तेव्हा तुम्ही मला घरात ठेवून घेतलंत, पहिली शिडी तुम्ही आणून दिलीत, असलं काहीतरी. तोंड उघडलं, तर तुम्ही डोळे उघडून, नळीच्या बाजूनं, अर्ध्या आवाजात म्हणालात, 'इथला वायफाय कुणाचा? तुझा असला तर मला दुसरीकडं हलव.' मी इतका हसलो की सिस्टर धावत आल्या. मग त्या रागावल्या, आणि बोलायचं राहून गेलं. तुम्ही मुद्दाम केलंत ते, मला खात्री आहे. मी रडायच्या बेतात आहे हे तुम्ही ओळखलं होतं.

आता परवाचं सांगतो. तेरावा झाला, पाहुणे निम्मे परतले. दुखवटा काढायचा मान माहेरचा, म्हणजे माझा. साडी न्यायची, गोडाचं जेवण घालायचं, माणसानं पुन्हा हसायला, टीव्ही लावायला, कपडे बदलायला मोकळं व्हायचं. मी आक्काला चांगली साडी घेतली होती. सगळे बसले होते, कुसुमकाकू, मनीषा, जावई, तुमचे कारखान्यातले दोघं. मी साडी पुढं केली, तर आक्का म्हणाली, 'साडी ठेव. दुखवटा काढायचा तर ह्यांचं मशीन चालू करून दे. त्या पोरीचं लगीन हुतंय का न्हाय, शेवटचं दोन भाग ऱ्हायल्यात. आमी जोडीनं बघत हुतो.'

मनीषा म्हणाली, 'आई, ते चालू होत नाहीये, मी सकाळीच बघितलं. बटणं लावली तर साईटच उघडत नाही. मी नवीन टीव्ही आणते ना, त्यात सगळं असतं. नाहीतर उलव्याला चल माझ्याकडे.' जावई म्हणाला, पार्किंगमध्ये भंगारवाला येतोच रविवारी. तो वाईट बोलला नाही, पोरगा चांगला आहे. पण आक्कानं मान खाली घातली आणि हातातल्या रुमालाची घडी घालायला लागली. तिला मी लहानपणापासून ओळखतो. ती अशी घडी घालायला लागली की तिनं काहीतरी सोडून दिलेलं असतं.

'चालू करतो,' मी म्हटलं. 'जेवणं होऊ द्या. आज संध्याकाळच्या आत आक्का शेवटचे भाग बघणार. नाही झालं तर भंगारवाल्याला मी स्वतः फोन करीन.' बोललो खरं मोठ्यानं, सगळ्यांसमोर. माहेरच्या माणसाला असं बोलावंच लागतं. पण ते मशीन मी तुमच्या पाठीमागून बघितलेलं, समोर बसून कधीच नाही.

जेवणं झाली, मी तुमच्या खुर्चीत बसलो. मशीन सुरू झालं. बीएसडी आली, पोटभाडेकरूचं दार उघडलं, त्याचा ब्राउझर उघडला. साईटवर गेलो तर पाटी, की कनेक्शन सुरक्षित नाही, आत जाता येत नाही. दुसरी साईट, तीच पाटी. बँकेची, तीच. मी आधी माझी लाईन तपासली, खोटं सांगत नाही. फोन जोडला, झकास चालला. वायर बदलली, माझा राऊटर बदलला, गच्चीवर जाऊन आलो. लाईन चोख. मग मी भाडेकरूला हाकलून पुन्हा आत घेतलं, तुम्ही करायचा तसं. कुलुपाचा तुकडा तपासला, तोही जागेवर. मग माझ्या तोंडून निघालं, 'सिस्टीम गेली.'

दाजी, एक क्षण मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी शेवटी लाईन माझी बरोबर आणि सिस्टीम तुमची खराब, आणि 'भाडेकरूचा दोष' म्हणायला तुम्ही नाही. मग ते दुसरं वाक्य डोक्यात पुन्हा वाजलं, की म्हणायला तुम्ही नाही, आणि मी कीबोर्डवर हात ठेवून रडलो. कुसुमकाकू दारात येऊन बघून गेल्या. मला लाज वाटली नाही. हॉस्पिटलात तुम्ही अडवलं होतंत, ते तिथं निघालं.

आक्का शेजारी येऊन बसली. तिनं मला रडू दिलं, पाणी आणलं. मग पडद्याकडे बघत म्हणाली, 'संप्या, हे घड्याळ असं काय दावतंय?'

'कुठलं घड्याळ?'

'कोपऱ्यातलं. मी त्यात बघूनच रोज कुकर लावती. आता दुपार कलायला आली आन् हे सकाळ म्हणतंय.'

मी बघितलं. वेळ चुकीची होती. तिच्यावर बाण नेला तशी तारीख दिसली. तारीख बघून मी मागे टेकलो. मशीन सोळा-सतरा वर्षं मागे गेलं होतं.

तेव्हा सगळं लक्षात आलं. तो नाण्याएवढा सेल. तो रविवार. बटण बंद करायचं नाही, का ते विचारायचं नाही. वीज आहे तोवर मशीनला वेळ माहीत, वीज गेली की आठवण पुसली, आणि जन्मदिवशी जी तारीख त्यात घातली होती तिथं जाऊन बसलं. नेटवरून वेळ लावून घ्यायची सोय तुम्ही करून ठेवली होती, पण फरक एवढा मोठा असला की ती सोयही हात वर करते, तिचा नियमच तसा आहे. साईटी म्हणत होत्या, आमची कागदपत्रं आजची, तू कुठल्या सालातून आलास? सुतकातला टीव्ही बंद करायला म्हणून काकूंनी टेप काढली आणि तुमचं मशीन तेवढं मागं गेलं. लाईन माझी चोख होती, दाजी. आणि सिस्टीम तुमची चोख होती.

मी मशीन पुन्हा सुरू करताना बटण दाबलं, तो निळा पडदा उघडला, ज्यात तारीख घालता येते. आक्काला दाखवलं. 'हे साल बघ.'

तिनं पदर तोंडाला लावला. 'त्या साली हे सेकंड शिफ्टला हुते. मनी शाळेत हुती. तू आमच्याकडंच झोपायचास, त्या दाराशी.' मग म्हणाली, 'ऱ्हाऊ दे की जरा वेळ असंच.'

राहू दिलं. आतून मनीषाच्या भांड्यांचा आवाज येत होता. आम्ही दोघं त्या निळ्या पडद्याकडे बघत बसलो, ज्यात तुम्ही सेकंड शिफ्टला गेलेले होता आणि जेवणाच्या वेळी घरी येणार होता.

मग आक्काच म्हणाली, 'कसं करत्यात पुढं?' मी प्लसचं बटण दाखवलं. एकदा दाबलं की एक साल पुढं जातं. तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबायला लागली. एक साल. 'मनी कॉलेजला.' आणखी एक. 'तुझं लगीन.' आणखी. 'ह्यांचा पाय मोडला हुता बघ.' एका सालावर हसली, 'ह्यो डबा रिक्षातनं आणला.' आणखी पुढं, 'मनीचं लगीन. केवढं रडलेत ह्ये, कुणाला म्हाईत न्हाय.' मग, 'मुकी मालिका.' असं करत करत गेल्या सालापाशी आली आणि तिचं बोट थांबलं. त्या सालात तुम्ही होता, पुढच्यात अर्धेच. मी म्हटलं, आक्का, मी दाबतो. ती म्हणाली, 'नगं.' आणि दाबलं. महिना मी विचारला. ती म्हणाली, 'आज दुखवटा काढलाय ना तू, ती तारीख घाल.'

साईट उघडली. कुलूप उघडलं. आधी आवाज आला, मग चित्र, दर वेळी तुमच्याकडे उलटं व्हायचं. मनीषा हात पुसत बाहेर आली, जावई आला, काकू आल्या आणि टीव्ही नेमका कुठला हे त्यांना शेवटी कळलं. आक्कानं दोन्ही भाग बघितले. मध्ये एकदा आवाज तसाच चालू असताना सासूचं वाक्य तिनं तुमच्याकडं बघून म्हटल्यासारखं हळूच म्हटलं, आपल्या पद्धतीनं.

त्या पोरीचं लग्न झालं, दाजी. वकिलाशीच. तुम्ही पहिल्यापासून म्हणत होतात, मी नाही म्हणत होतो, तर तेही तुम्हीच जिंकलात. भंगारवाला येऊन गेला, मशीन जागेवर आहे. आक्का इथंच राहणार म्हणते, उलव्याला चार दिवस जाऊन येईल. बटणावर नवीन टेप लावली आहे, लालच. सेल आणून ठेवलाय, मोडक्या क्लिपचं काय करायचं ते बघतो, पण तो मी या रविवारी बसवणार नाही. कधीतरी बसवीन. तुमचा एक रविवार शिल्लक राहू दे.

आणि हे सगळ्यांच्या देखत लिहून देतो, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको. सिस्टीम तुमची चांगली आहे. मी उगाच तिला नावं ठेवली, चहा माझ्याकडे लागला. लाईनीबद्दल तुम्हीही एकदा बोलायला पाहिजे होतं, दाजी, पण असू दे. फोन आला की तुमचाच समजून मी अजून गच्चीवर चढायला निघतो.